उलट बाजूच नसलेली टोपी : दोन रंगांचं ब्रिओश विणताना

विणलेली वस्तू हातात आली की जाणत्या बायका आधी ती उलटी करून बघतात. माझी आई तर स्वेटरची पुढची नक्षी बघायच्या आत आतली शिवण चाचपायची. धागे कुठे लपवलेत, गाठी किती मारल्यात, रंग बदलताना धागा ओढला गेलाय का, हे सगळं आत कळतं. ब्रिओश म्हणजे दोन्हीकडून सुलट दिसणारी जाड, ताणणारी वीण. दोन रंगांच्या ब्रिओश टोपीला ही परीक्षा चुकवता येत नाही, कारण तिला आतली बाजूच नसते. एका बाजूने हळदी रंगाच्या ठसठशीत उभ्या साखळ्या दिसतात आणि त्यांच्या खाचांमधून मोरपिशी डोकावतो. टोपी उलटी केली की मोरपिशी साखळ्या वर येतात आणि हळदी रंग खाचेत जातो. काठ दुमडला की दुसरा रंग कपाळावर येतो. म्हणूनच टाके घालण्यापासून शेवटचा धागा लपवेपर्यंत प्रत्येक वेळी "हे पलीकडून कसं दिसेल?" हा प्रश्न विचारायचा. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

सुलट, उलट आणि दोन टाके एकत्र विणणं एवढं येत असेल तर ही टोपी तुम्हाला जमेल. ब्रिओश दिसतं अवघड, पण त्यात करायच्या गोष्टी दोनच आहेत.

लोकर आणि सुया

लोकर मध्यम जाडीची घ्या. १०० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण २०० मीटर भरते ती. प्रत्येक रंगाचा एकेक गुंडा प्रौढ माणसाच्या टोपीला पुरून उरतो. ब्रिओश लोकर खातं, साध्या सुलट विणीपेक्षा बरीच जास्त, त्यामुळे घरातल्या उरलेल्या अर्ध्या गुंड्यांवर भिस्त ठेवू नका.

खरी लोकर किंवा निदान निम्मी लोकर असलेला धागा घ्या, असा माझा आग्रह आहे. ही वीण स्पंजासारखी ताणते आणि परत जागेवर येते. ते परत येणं लोकरीच्या अंगच्या लवचीकपणामुळे होतं. शंभर टक्के अ‍ॅक्रिलिकची टोपी पहिल्या दिवशी छान बसते, पण वापरून सैल पडते आणि भुवयांवर उतरायला लागते. लोकर टोचत असेल तर मऊ मेरिनो घ्या. लहान बाळासाठी किंवा सारखं धुवावं लागणार असेल तर अ‍ॅक्रिलिक चालेल, फक्त पुढे दिलेल्या ८० टाक्यांऐवजी ६४ टाक्यांचा विचार करा आणि त्यावर इस्त्री कधीही फिरवू नका. उष्णतेने अ‍ॅक्रिलिकचा जीवच जातो, ते पुन्हा आकसत नाही.

रंग निवडताना मोबाइलवर दोन्ही गुंड्यांचा कृष्णधवल फोटो काढा. फोटोत दोन्ही सारखेच करडे दिसले तर टोपीतही ते एकमेकांत मिसळून जातील. लाल आणि हिरवा नुसत्या डोळ्यांना किती वेगळे वाटतात, पण फोटोत पुष्कळदा एकच होतात. एक गडद आणि एक फिका असला की साखळ्या उठून दिसतात. गडद धाग्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून ठेवा. कापडाला रंग लागला तर तो फिक्या रंगाशेजारी वापरू नका.

सुई ३.७५ मिलिमीटरची, ४० सेंटिमीटर लांबीची गोल सुई. आपल्याकडच्या दुकानात हीच ९ नंबरची म्हणून मिळते. नंबर वाढला की सुई बारीक होते, हे दुकानात उभं असताना विसरायला होतं. हीच लोकर साध्या विणीला ४.५ मिलिमीटरवर, म्हणजे ७ नंबरवर विणली जाते. इथे मुद्दाम बारीक सुई घ्यायची, कारण ब्रिओश आपसूकच आडवं पसरतं आणि मोठ्या सुईवर ते जाळीसारखं ढिलं होतं. शेंड्याकडे टाके कमी झाल्यावर त्याच नंबरच्या दोन्हीकडे टोकं असलेल्या पाच सुया लागतील, मोजे विणायला वापरतो त्या. त्यांच्याऐवजी ८० सेंटिमीटरची लांब गोल सुईही चालते. शिवाय एक मार्कर (फेरीची सुरुवात कळावी म्हणून सुईवर घालायची कडी), बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, एक क्रोशाची सुई आणि वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा जवळ ठेवा. दोऱ्याचं काम पुढे येईल.

पदर

सगळं ब्रिओश एका हालचालीवर उभं आहे. टाका न विणता डाव्या सुईवरून उजवीवर घ्यायचा आणि त्याच वेळी धागा त्या टाक्यावरून टाकायचा. सुईवर बघितलं तर तो टाका खांद्यावरून पदर घेतल्यासारखा दिसतो : खाली टाका, वर तिरका आडवा धागा. मी त्याला पदरच म्हणते. पुढच्या फेरीत हा टाका त्याच्या पदरासकट, दोन्ही एकत्र, एकच टाका समजून विणायचा.

नियम एवढाच : पदर घेतलेला टाका पदरासकट विणायचा, आणि उघडा टाका न विणता त्याला पदर द्यायचा. टोपीच्या अंगातल्या कुठल्याही फेरीत, कुठल्याही रंगात हे बदलत नाही. मोजणी चुकली, दारावरची बेल वाजली, दोन दिवसांनी विणकाम हातात घेतलं, तरी सुईवरचा पुढचा टाका बघितला की काय करायचं ते कळतं. एकदा नजरेला पदर दिसायला लागला की कागद बाजूला ठेवता येतो.

ज्यांनी हे कधीच केलेलं नाही त्यांनी आधी एका रंगात, साध्या दोन सुयांवर २० टाक्यांचा तुकडा विणावा. पहिली ओळ : एका टाक्याला पदर, एक सुलट, असं शेवटपर्यंत. पुढच्या सगळ्या ओळी : उघड्या टाक्याला पदर, पदराचा टाका पदरासकट सुलट. पदर देताना धागा सुईखालून पुढे आणायचा, सुई उलट विणताना घालतो तशी घालून टाका उजवीकडे घ्यायचा, मग धागा सुईवरून मागे न्यायचा. दहाबारा ओळींत हात बसतो. तुकडा मऊ, जाडसर आणि दोन्हीकडून सारखा दिसेल. जर्मनीत या विणीला पाटेंट म्हणतात. इंग्लंडमधली फिशरमन्स रिब दिसायला अशीच असते, तिथे पदराऐवजी खालच्या ओळीतल्या टाक्यात सुई घालतात.

टाके घालणं आणि जोडणं

हळदी रंगाने ८० टाके घाला. मापाची बेरीज अशी : माझ्या हाताला या सुईवर १० सेंटिमीटरमध्ये १६ टाके बसतात, म्हणजे घेर ५० सेंटिमीटर. ५४ ते ५८ सेंटिमीटरच्या डोक्यावर ती ताणून घट्ट बसते. लहान मुलांसाठी ६४, मोठ्या डोक्यासाठी किंवा भरघोस केसांसाठी ९६. आकडा १६ च्या पटीतच हवा, नाहीतर शेंड्याचे आठ भाग समान पडणार नाहीत.

आपली नेहमीची, अंगठ्यावर लांब शेपूट धरून टाके घालायची पद्धत इथे चांगली आहे. ८० टाक्यांसाठी पावणेदोन मीटर शेपूट सोडा. टाके मात्र ५ मिलिमीटरच्या, म्हणजे ६ नंबरच्या सुईवर घाला आणि मग बारीक सुईवर घ्या. ही पायरी टाळू नका. ब्रिओशचं अंग वाटेल तेवढं ताणतं, पण काठ घट्ट असला तर टोपी डोक्यातून खाली येत नाही, आली तर कपाळावर वळ उठतो.

आता टाके टेबलावर गोल पसरा. सगळ्यांचा खालचा काठ आतल्या बाजूला आहे ना, सुईभोवती कुठे पीळ पडला नाही ना, हे बोट फिरवून बघा. पीळ राहिला तर तो नंतर कशानेही सुटत नाही, सगळं उसवावंच लागतं. मार्कर घाला आणि जोडा.

अंगाच्या फेऱ्या

तयारीची फेरी, हळदी : एक सुलट, एका टाक्याला पदर. असं फेरीभर. पदर देताना धागा सुईखालून पुढे, टाका उजवीकडे, धागा सुईवरून मागे. फेरीचा शेवट पदरानेच होतो. धागा सुईवरून मागे नेऊन तिथेच सोडा.

मोरपिशी फेरी : मोरपिशीची १५ सेंटिमीटर शेपूट सोडून धागा विणकामाच्या पुढे, म्हणजे तुमच्याकडे धरा. पहिला टाका उघडा आहे, त्याला पदर द्या. या फेरीत पदराची वाट थोडी वेगळी असते. धागा आधीच पुढे आहे, टाका उजवीकडे घ्या, धागा त्याच्यावरून मागे न्या आणि दोन सुयांच्या मधून पुन्हा पुढे आणा, कारण पुढचा टाका उलट विणायचा आहे. मग पदर घेतलेला टाका पदरासकट उलट. फेरीभर हेच. शेवटी धागा पुढे राहील, तिथेच सोडा.

हळदी फेरी : पदराचा टाका पदरासकट सुलट, उघड्या टाक्याला पदर.

यापुढे मोरपिशी आणि हळदी फेरी आलटून पालटून. हळदीने नेहमी सुलट, मोरपिशीने नेहमी उलट. फेरी संपल्यावर हळदी धागा मागे विसावतो, मोरपिशी पुढे. दोघांना एकमेकांत पीळ द्यायचा नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या मार्करपाशी. हळदी फेरीचा शेवटचा पदर मार्करला चिकटून असतो आणि त्याला धरून ठेवणारा पुढचा टाका अजून विणलेला नसतो. मोरपिशी उचलायच्या नादात तो सुईवरून घसरतो. माझ्या पहिल्या टोपीत तो अकरा वेळा घसरला होता, आणि मला कळलं ते टोपी भाच्याच्या डोक्यावर असताना. बाकीच्या गुबगुबीत साखळ्यांमध्ये एकच साखळी सपाट आणि घट्ट होती, मागे सरळ रेघ ओढल्यासारखी. आता रंग बदलण्याआधी मी डाव्या अंगठ्याने तो पदर दाबून धरते आणि मोरपिशीचे दोन टाके झाल्यावरच अंगठा काढते.

पहिले दोन सेंटिमीटर काहीच सुचू देणार नाहीत. काठाशी नुसती रंगांची गिचमीड दिसते आणि आपलं चुकलं असं वाटतं. धीर धरा. तिसऱ्या सेंटिमीटरला साखळ्या वेगळ्या होऊ लागतात. पाच सेंटिमीटर झाले की सुईवरून थोडं मोकळं करून आडवं मोजा. १० सेंटिमीटरमध्ये आठ हळदी साखळ्या भरायला हव्यात. त्यांच्यामध्ये आठ मोरपिशी लपलेल्या असतात, म्हणजे १६ टाके. सातच भरल्या तर हात सैल आहे, १० नंबरची सुई घ्या. नऊ भरल्या तर ८ नंबर.

उंची मोजताना गंमत होते. एका रंगाची एक फेरी म्हणजे अर्धीच ओळ. हळदी आणि मोरपिशी अशा दोन फेऱ्या झाल्या की साखळीचा एक दुवा वाढतो. फेऱ्या मोजण्यापेक्षा सेंटिमीटर मोजा, आणि तेही विणकाम आडवं ठेवून. सुईवर लटकवून मोजलं तर ही वीण स्वतःच्या वजनाने लांब दिसते आणि टोपी नंतर आखूड निघते.

काठ न दुमडता घालायची असेल तर १७ सेंटिमीटरवर शेंडा सुरू करा. काठ दुमडायचा असेल तर २३. मी दुमडायचीच करते. दोन रंगांची मेहनत कपाळावरच्या त्या पट्टीत दिसते, आणि निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे किंवा हिमालयातल्या ट्रेकवर कानांवर दुहेरी थर येतो ते वेगळंच.

चूक झाली तर

ब्रिओश मागे उसवणं कटकटीचं असतं, कारण पदर आणि टाके सुटून एकमेकांत मिसळतात. म्हणून दर पाच सेंटिमीटरला, मोरपिशी फेरी संपल्यावर, बोथट सुईने तो सुती दोरा सगळ्या टाक्यांतून आणि पदरांतून ओवून ठेवा. उसवावं लागलं तर वीण तिथे येऊन थांबते, आणि नेमके पदरासकट टाके पुन्हा सुईवर घेता येतात.

एकच टाका निसटून खाली शिडी पडली तर घाबरू नका. हळदी साखळीचा टाका असेल तर शिडीत एक मोरपिशी आणि एक हळदी असे आडवे धागे आलटून पालटून दिसतील. क्रोशाच्या सुईत निसटलेला टाका घ्या, त्याच्या वरचा मोरपिशी धागा त्याच सुईवर चढवा, आणि त्याच्या वरचा हळदी धागा दोघांतून ओढून काढा. एक दुवा झाला. असं वरपर्यंत. मोरपिशी साखळी निसटली तर टोपी उलटी करून तिकडून हेच करा, फक्त रंगांची अदलाबदल. पलीकडची बाजूही सुलटच असल्याचा हा फायदा.

शेंडा

घट नेहमी हळदी फेरीत करायची, म्हणजे तिच्या आधीची फेरी मोरपिशी हवी. एका घटीत दोन टाके कमी होतात, एक हळदी आणि एक मोरपिशी. दोन्ही गेले तरच पुढचा क्रम बिघडत नाही.

घट अशी : पहिला हळदी टाका पदरासकट, सुलट विणताना घालतो तशी सुई घालून, न विणता उजवीकडे घ्या. पुढचा मोरपिशी टाका आणि त्याच्या पुढचा हळदी टाका पदरासकट, हे सगळे एकत्र हळदीने सुलट विणा. मग न विणता घेतलेला टाका, त्याचा पदरही सोबत, या नव्या टाक्यावरून उचलून सुईखाली सोडा. तीन टाक्यांचा एक झाला. सुईवर एका वेळी बरेच फेरे येतात, त्यामुळे टोकदार सुई असेल तर सोपं जातं. घाई केली की एखादा पदर बाहेर राहतो, म्हणून प्रत्येक घटीनंतर मागे एक नजर टाका.

८० टाक्यांचे आठ भाग, प्रत्येकी १० टाके. खाली "जोडी" म्हणजे एक पदराचा टाका सुलट आणि पुढच्या उघड्या टाक्याला पदर.

पहिली घट फेरी : घट, एका टाक्याला पदर, तीन जोड्या. आठ वेळा. ६४ टाके राहतात. मग पाच साध्या फेऱ्या, मोरपिशीने सुरू आणि मोरपिशीवर शेवट.

दुसरी : घट, पदर, दोन जोड्या. आठ वेळा. ४८ टाके. पुन्हा पाच साध्या फेऱ्या. इथे ४० सेंटिमीटरची सुई ओढ खाऊ लागते, तेव्हा टाके चार सुयांवर वाटून पाचवीने विणा. वाटताना प्रत्येक सुईचा शेवट मोरपिशी टाक्याने करा आणि सुई बदलताना शेवटचा पदर बोटाने धरा. मार्करपाशी व्हायची ती चूक आता चार ठिकाणी होऊ शकते.

तिसरी : घट, पदर, एक जोडी. आठ वेळा. ३२ टाके. तीन साध्या फेऱ्या.

चौथी : घट, पदर. आठ वेळा. १६ टाके. एक मोरपिशी फेरी.

मोरपिशी धागा २० सेंटिमीटर ठेवून कापा. शेवटची फेरी हळदीने : हळदी टाका पदरासकट आणि शेजारचा मोरपिशी टाका, एकत्र सुलट. आठ टाके राहिले. हळदी धागाही कापा, बोथट सुईने आठही टाक्यांतून दोनदा फिरवा आणि हळूहळू ओढा. एकदम हिसका दिला तर धागा तुटतो.

६४ टाक्यांच्या टोपीला पहिली घट फेरी वगळून थेट दुसरीपासून सुरू करा. तिथे प्रत्येक भागात आठच टाके असतात. ९६ च्या टोपीत आधी एक जास्तीची फेरी लागते : घट, पदर, चार जोड्या, आणि तिच्यानंतर पाच साध्या फेऱ्या.

हळदी बाजूने शेंड्यावर आठ साखळ्या डावीकडे कलत मध्याकडे जाताना दिसतात, भोवऱ्यासारख्या. मोरपिशी बाजूने हे चित्र हुबेहूब नसतं. तिथे घटीच्या जागी एकेक मोरपिशी साखळी शेजारच्या दोघींमध्ये बुडते आणि भोवरा जरा मवाळ दिसतो. मला तो जास्त आवडतो. दोन्ही बाजू नीटस आहेत, त्या सारख्या असायलाच हव्यात असं नाही. मध्यावर गोंडा मात्र शिवू नका. तो एका बाजूला पक्का झाला की टोपी उलटी करता येणार नाही.

धागे लपवणं

आता आईची परीक्षा. साध्या टोपीत धागे आत कुठेही गुंतवून मोकळं होता येतं. इथे दोन्हीकडून कुणीतरी बघणार. पण ही वीण जाड असते, प्रत्येक साखळीच्या पोटात मऊ पोकळी असते. हळदी शेपूट हळदी साखळीत, मोरपिशी शेपूट मोरपिशी साखळीत, साखळीच्या पोटातून उभी तीन-चार सेंटिमीटर न्यायची, मग त्याच रंगाच्या शेजारच्या साखळीतून परत आणायची. आडवी कधीच नेऊ नका, तिथे टोपी ताणत नाही आणि दुसऱ्या रंगात ठिपका दिसतो. शेंड्याची मोरपिशी शेपूट आधी मध्याच्या भोकातून मोरपिशी बाजूला काढा. नवा गुंडा जोडायची वेळ आली तर तो मार्करपाशी जोडा आणि गाठ मारू नका.

शेपट्या लगेच कापू नका. कोमट पाण्यात लोकरीच्या साबणाचे दोन थेंब टाकून टोपी वीस मिनिटं बुडवून ठेवा, चोळू नका. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा. काठ मागच्या-पुढच्या दिशेने दोन-तीनदा हलका ताणा, म्हणजे लपवलेले धागे आपली जागा घेतात. सावलीत सपाट पसरून वाळवा, दोरीवर टांगलेली टोपी लांब होते. वर हात फिरवून बघा, साखळ्या फुगून मऊ झालेल्या लागतील. पूर्ण वाळल्यावर टोपी डोक्यावर एकदा हळदी बाजूने आणि एकदा मोरपिशी बाजूने घालून ताणून बघा. कुठे धाग्याचं टोक वर आलं नाही ना ते पाहून मगच शेपट्या कापा, अर्धा सेंटिमीटर ठेवून.